मिस्त्री नाही का मिळत तिकडे?

ट्रायम्फ स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं इंजिन घरच्या घरी उतरवता येतं, याचं श्रेय एका नकाराला द्यावं लागेल. १९५३ साली ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने फिशर अँड लडलो ही मोटारींच्या बॉड्या बनवणारी कंपनी विकत घेतली. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉड्या पुरवणारी हीच. प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेल्यावर तिने पुढच्या नव्या मॉडेलसाठी हात वर केले. त्या काळात जो तो चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, आणि बॉडी एकजीव करण्याच्या मागे लागला होता. त्यासाठी लागणारे पत्रा दाबायचे अवाढव्य प्रेस स्टँडर्ड-ट्रायम्फकडे नव्हते. मग त्यांचा इंजिनिअर हॅरी वेबस्टर आणि त्याच्या माणसांनी उलटी वाट धरली. खाली जुन्या पद्धतीची स्वतंत्र चॅसी, आणि वर बॉडीचे तुकडे, एक इथून आणलेला, दुसरा तिथून, बोल्टांनी एकत्र आवळलेले. रूप दिलं इटलीच्या मिकेलॉटीने. १९५९ मध्ये ही मोटार बाजारात आली, नाव हेराल्ड. तिचीच चॅसी आखूड करून १९६२ मध्ये जी दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार केली, ती स्पिटफायर.

या अडचणीतून आलेली सगळ्यात सुखाची गोष्ट म्हणजे बॉनेट. मडगार्ड, दिवे, अख्खं तोंडच पुढे कलंडतं. पुढच्या टायरवर बूड टेकून निवांत इंजिनाचं काम करावं अशी सोय. आजच्या मोटारीत बॉनेट उघडलं की काळं प्लॅस्टिकचं आवरण दिसतं. ते पाहायचं आणि बॉनेट बंद करायचं.

माझी स्पिटफायर १९७८ ची, पिवळी, १५०० म्हणतात ती, म्हणजे खरं तर १४९३ सीसीची. ती जिथे तयार झाली तो कॅनलीचा कारखाना माझ्या घरापासून सायकलने जाता येईल इतका जवळ होता. होता, कारण १९८० च्या ऑगस्टमध्ये शेवटची स्पिटफायर बाहेर पडली आणि तिथली जुळणी थांबली. आता तिथे ऑफिसं आणि दुकानं आहेत. एका रस्त्याला मात्र हेराल्ड ॲव्हेन्यू असं नाव ठेवलंय. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर घेतल्यापासून कॉव्हेंट्रीच्या दुकानात ‘अगं, कोथिंबीर बघ’ असं कानावर आलं तरी आता कोणी दचकून वळत नाही. पुण्याहून आलेल्या त्या लोंढ्यातलाच मीही. दिवसभर मोटारींचंच काम करतो, पण स्क्रीनवर. ऑफिसात माझ्या हाताला तेलाचा डाग पडला, तर तो दुपारच्या डब्यातल्या लोणच्याचा.

हेराल्ड हे नाव मात्र मला कॉव्हेंट्री नकाशात दाखवता येत नव्हती तेव्हापासून पाठ. १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही मोटार आपल्याकडे बनवत होती. विलायतेतल्या हेराल्डला दोनच दारं. दोन दारांच्या गाडीत आजीला मागे बसवायचं कसं, हा प्रश्न तिकडे कोणाला पडला नसावा. १९६८ मध्ये मद्रासने चार दारांची केली, आणि तशी हेराल्ड जगात दुसरीकडे कुठेच झाली नाही. आमच्याकडे होती ती तसली, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. ॲम्बॅसॅडर आणि फियाटच्या त्या राज्यात हेराल्ड असणं म्हणजे थोडं मिरवणं आणि पुष्कळ वणवण, सुट्या भागांसाठी. पण पंचवीस फुटांत ती पूर्ण वळायची. सदाशिव पेठेतल्या बोळात समोरून कोणी आलं की बाबा मोठ्या रुबाबात गाडी फिरवून दाखवत.

तिच्या ९४८ सीसीच्या इंजिनाचं आणि माझ्या पिवळीच्या इंजिनाचं घराणं एकच आहे. मूळ पुरुष १९५३ च्या स्टँडर्ड एट या मोटारीतला, ८०३ सीसीचा. ती एट इतक्या काटकसरीत बनवली होती की सुरुवातीच्या गाड्यांना बाहेरून उघडणारी डिकीच नव्हती. मागची सीट पाडून आतून सामान ढकलायचं. त्या इंजिनाचे सिलिंडर पुढे रुंद करत करत ९४८, ११४७, १२९६ सीसीपर्यंत नेले. आणखी रुंदीला जागा उरेना तेव्हा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, वाढवला, ७६ मिलिमीटरचा ८७.५ केला आणि १४९३ सीसी काढले. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनातला मुख्य दांडा, धरून ठेवणारी मेन बेअरिंग मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनच. पगार न वाढवता काम वाढवत नेण्याची ही रीत ओळखीची वाटेल अनेकांना.

दुखणं होतं ते या क्रँकचंच. क्रँक फिरत असताना पुढेमागे सरकू नये म्हणून मागच्या मेन बेअरिंगच्या दोन बाजूंना अर्धचंद्राच्या आकाराचे दोन वॉशर बसवलेले असतात. थ्रस्ट वॉशर. क्लच दाबला की पायाचा सगळा जोर क्रँकला पुढे ढकलतो, आणि तो जोर या एवढ्याशा वॉशरने झेलायचा असतो. झिजत झिजत एक दिवस तो जागेवरून निसटतो आणि खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या तसराळ्यात, जाऊन पडतो. तपासायची रीत सोपी आहे. मुलीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि मी पुढे पुलीपाशी वाकलो. ‘दाब’ म्हटलं की पुली माझ्या दिशेने येई. मागे रेटली की जाई. ही सरक काही थाऊंची, म्हणजे इंचाच्या काही हजारांश भागांची, असायला हवी, मोजायला डायल गेज लागावा इतकी. इथे ती चष्मा न लावता दिसत होती.

वॉशर नुसते झिजले असते तर खालून सम्प काढून बदलता आले असते. निसटून पडला असेल तर मात्र क्रँकचं लोखंड थेट ब्लॉकवर घासलेलं असतं. म्हणजे इंजिन उतरवणं आलं.

आमचा मिस्त्री बाबांना दर खेपेला एकच गोष्ट बजावायचा, ‘साहेब, सिग्नलला क्लच दाबून बसू नका. न्यूट्रल करा.’ कारण कधी सांगितलं नाही, आणि बाबांनीही विचारलं नाही. मिस्त्रीला कारणं विचारायची नसतात, बिल विचारायचं असतं. बाबांना वाटायचं तो क्लच प्लेटसाठी सांगतोय. क्लच प्लेट बदलली तर त्याचीच कमाई होती, तरी सांगायचा, म्हणून बाबांना तो प्रामाणिक वाटायचा. प्रामाणिक तर तो होताच. पण त्याला क्रँकचं माहीत होतं. हेराल्डची किती इंजिनं त्याने उघडली असतील आणि किती सम्पच्या तळाशी त्याला तो अर्धचंद्र सापडला असेल, देव जाणे. हे ज्ञान त्याने कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं आणि कुठे लिहूनही ठेवलं नाही.

कामाला सुरुवात केली तेव्हा आईचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन रेडिएटरच्या जागी टेकवला आणि तिला सगळं दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘मिस्त्री नाही का मिळत तिकडे?’

मिळतो. पण तासाचा दर ऐकून आईला चक्कर येईल. आणि खरं सांगायचं तर ते कारण नाही. इथे हे काम स्वतः करणं प्रतिष्ठेचं आहे. माझ्या ऑफिसात शनिवारी गिअरबॉक्स उघडला असं सांगितलं की लोक खुर्ची ओढून जवळ येतात. जुन्या गाड्यांचे क्लब आहेत, प्रत्येक बोल्टाची चित्रं असलेल्या पुस्तिका आहेत, सुटे भाग घरपोच येतात. चाळीस वर्षांवरच्या गाडीला सरकार रस्ताकर माफ करतं. आमच्या घरात मात्र शिकलेल्या माणसाने पाना हातात धरायचा नसे. अंगणात आमच्या हेराल्डचं रिंग-पिस्टनचं काम निघालं होतं तेव्हाचं मला स्पष्ट आठवतं. तीन लोखंडी पाइप वर एकत्र बांधून केलेली तिवई, तिला लटकवलेली चेन कप्पी, खाली मिस्त्री आणि माझ्याच वयाचा त्याचा पोरगा. बाबा व्हरांड्यात खुर्ची टाकून सकाळ वाचत. मला ‘लांब उभा राहा’ एवढीच सूचना. तो पोरगा नट ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने फडक्यावर मांडत होता आणि मी त्याच्याकडे हेव्याने बघत होतो. त्याला बहुधा माझ्या शाळेच्या दप्तराचा हेवा वाटत असेल, पण मला ते तेव्हा सुचलं नाही.

आई चहा पाठवायची. मिस्त्रीचा आणि पोराचा कप वेगळा, कान तुटलेला, मोरीच्या खिडकीत उपडा ठेवलेला. ज्याच्या भरवशावर अख्ख्या गाडीचं इंजिन हवेत टांगलं होतं, त्याला घरातला कप नाही. आज आईला विचारलं तर ती म्हणेल, ‘अरे, हात काळे असायचे त्यांचे.’ असायचेच. माझेही असतात. माझा कप घरातलाच असतो.

इंजिन उतरवण्याच्या कामात प्रत्यक्ष उतरवणं अगदी थोडं असतं. बाकी सगळं सोडवणं. बॅटरी सोडवली, पाणी आणि तेल काढलं, पेट्रोलची नळी सोडवून तिच्या तोंडात बोल्ट खुपसला, दोन्ही एसयू कार्बोरेटर काढून बाजूच्या खोलीत नेऊन ठेवले. वायरांना चिठ्ठ्या लावल्या. रेडिएटर निघाला, हीटरचे पाइप निघाले. आतून दोन्ही सीटा, कार्पेट आणि गिअरबॉक्सवरचं आवरण काढलं, कारण स्पिटफायरचा गिअरबॉक्स खालून न काढता गाडीत बसून वरून काढता येतो. तो मांडीवर घेऊन दाराबाहेर काढताना दरवाज्याच्या रंगाची काळजी वाटते, मांडीची वाटत नाही.

अडलं ते सायलेन्सरच्या पाइपाशी. इंजिनाचा धूर गोळा करणारं मॅनिफोल्ड आणि खालचा पाइप जिथे जुळतात तिथे तीन नट असतात. कारखान्याने ते पितळेचे दिले होते. लोखंडी स्टडवर लोखंडी नट तापून, गंजून एकजीव होतो, पितळेचा होत नाही. आधीच्या कोणा मालकाने पितळेचे हरवल्यावर दोन लोखंडी बसवले असावेत. पितळेचा एक पान्याच्या पहिल्या झटक्याला निघाला. उरलेल्या दोघांवर रात्रभर तेल मारून ठेवलं, काही उपयोग नाही. कोपरे गोल व्हायला लागले. तेव्हा मला मेणबत्ती आठवली. मिस्त्री ब्लो लॅम्पने नट तापवायचा, लाल होऊ द्यायचा नाही, आणि ज्योत बाजूला करून मेणबत्तीचं टोक आट्यांना लावायचा. मेण वितळतं आणि आट्यांच्या आत ओढलं जातं. पेट्रोलचं सगळं आधीच खोलीबाहेर होतं, म्हणून मीही टॉर्च पेटवला. मुलीच्या वाढदिवसाच्या केकवरची उरलेली गुलाबी मेणबत्ती लावली. धूर झाला, जळक्या मेणाचा वास पसरला, आणि पान्याला तो कुरकुरणारा, सुटत असल्याचा आवाज आला. नट अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे करत काढायचा, हेही त्याचंच. दुसऱ्या नटालाही तेच लागू पडलं. अडकलेले नट सोडवायला बाजारात मिळणाऱ्या फवाऱ्यांचे डबे माझ्याकडे निदान चार आहेत, कोणाला हवे असतील तर सांगा.

बॉनेट पूर्ण काढून ठेवायला दुसरा माणूस लागतो. शेजारचे गृहस्थ आले. ऐंशीच्या घरातले, तरुणपणी कॅनलीत कामाला होते. इथे त्या वयाच्या माणसालाही नुसत्या नावाने हाक मारतात. माझी जीभ वळत नाही, म्हणून इतक्या वर्षांत मी त्यांना हाकच मारलेली नाही, जवळ जाऊन ‘हॅलो’ म्हणतो. मला वाटलं, यांच्याकडून आता इंजिनाचं काहीतरी शिकायला मिळणार. त्यांनी इंजिनाकडे कुतूहलाने पाहिलं, अगदी माझ्या मुलीने पाहिलं तसंच. त्यांचं काम दरवाज्यांवर होतं. लाइनवर गाडी पुढे सरकत येई, ते दरवाजा बिजागरीवर बसवत, फट जुळवत, गाडी पुढे जाई. हजारो गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या, पण चालू इंजिनाचा आवाज त्यांच्या जागेपर्यंत पोचत नसे. माझ्या डावीकडच्या दरवाज्याची खालची फट वरच्यापेक्षा जास्त आहे हे त्यांनी गाडीत शिरायच्या आधीच सांगितलं, आणि बिजागरीचे बोल्ट सैल करून, गुडघ्याचा एक टेका देऊन, ती सरळही करून दिली. ती फट मला आजवर दिसलीच नव्हती. इंग्लंडातल्या कारखान्यातला माणूस दरवाजा जाणत होता आणि पुण्यातला मिस्त्री अख्खी गाडी. इंग्लंडातल्या माणसाला पेन्शन मिळाली.

मिस्त्रीला गाड्यांचं वेड होतं की नाही, मला माहीत नाही. वेडासाठी वेळ लागतो. तो उन्हात बसून पोटासाठी काम करत होता. मी निळे हातमोजे घालून, रेडिओ लावून, सुट्टीच्या दिवशी करतो. दोघांच्या हातात पाना तोच, नऊ सोळांश इंचाचा तर नक्कीच तोच, कारण मद्रासच्या आणि कॅनलीच्या बोल्टांचे आटे सारख्याच इंची मापाचे होते. पण मी जे करतो त्याला छंद म्हणतात आणि तो जे करायचा त्याला हातावरचं पोट.

उचलायला हायड्रॉलिक क्रेन भाड्याने आणली होती. तिचे पाय गाडीखाली सरकवले, हेडच्या दोन कड्यांना साखळी अडकवली आणि साखळी नुसती ताठ होईपर्यंत दांडा मारला. मग इंजिनाच्या चारी बाजूंनी हात फिरवला. डोळ्यांपेक्षा हात भरवशाचा, वायरच्या रंगाला तो फसत नाही. अर्थिंगची जाळीदार पट्टी सुटली होती, बाकी काही लागत नव्हतं. माउंटिंगचे शेवटचे बोल्ट काढले आणि पुन्हा दांडा मारायला लागलो. सुरुवातीला इंजिन हलतच नाही. हलते ती गाडी. वजन कमी होत जातं तसं पुढच्या स्प्रिंगा सैल होतात आणि गाडी तोंड वर करते, इंजिन मात्र तिथल्या तिथे. एका क्षणी स्प्रिंगांचं संपतं आणि साखळी करकरते. त्यानंतरचा प्रत्येक झटका इंजिनाला वर नेतो. ब्लॉक चॅसीच्या वर आला की क्रेन मागे ओढायची. शेजारचे गृहस्थ मागचा भाग धरून होते, झोका घेऊ नये म्हणून. खाली घेताना व्हॉल्व्ह अगदी जरासा उघडायचा असतो. त्याचा धीर राहत नाही, पण राहिला.

सम्प उलटा करून उघडला तेव्हा तळाच्या काळ्या चिखलात वॉशर पडला होता. फडक्याने पुसला. दोन मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त असावी लागणारी जाडी एका टोकाला उरलेली नव्हती. ब्लॉकवर मात्र नुसते ओरखडे होते, खड्डा नव्हता. क्रँक आणि ब्लॉक घेऊन मशीन शॉपला गेलो. तिथल्या माणसाने मायक्रोमीटर लावून मोजलं आणि म्हणाला, क्रँक दहा थाऊ उतरवावा लागेल, ब्लॉक वाचला, जाड मापाचे वॉशर टाकू. त्याच्याकडे रांग मोठी आहे. तोपर्यंत गॅरेजात रिकामी गाडी तोंड वर करून उभी आहे आणि वॉशिंग मशीनपर्यंत जायची वाट तिने अडवली आहे, यावर घरात रोज एक वाक्य ऐकावं लागतं.

या मोकळ्या वेळात मिस्त्रीचं जे जे आठवलं ते पुस्तिकेच्या समासात पेन्सिलीने लिहायला घेतलं, मराठीत. मेणबत्ती. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. सिग्नलला न्यूट्रल. स्टार्टरचा सेल मारताना गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर क्लच दाबू नये, कोरड्या वॉशरवर जोर येतो. जुन्या गॅसकेटचा कागद खरवडताना ब्लेड आडवं धरावं. हेडचे नट मधून बाहेर, फिरवत फिरवत आवळावेत. इथे मात्र अडलो. हेडचे नट किती आवळायचे याचे आकडे पुस्तिकेत आहेत. मिस्त्रीकडे टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, नव्हता. तो लांब पाइप पान्यात घालून, डोळे भलतीकडेच लावून आवळायचा आणि एका ठिकाणी थांबायचा. आमच्या हेराल्डचं हेड गॅसकेट नंतर कधी गेलं नाही. तो नेमका कुठे थांबायचा, ते मला समासात लिहिता आलं नाही. टॉर्क रेंच मागवलाय, मंगळवारी येतोय.